परफॉर्मन्स इंजिनाचे टायमिंग वरच्या फेऱ्यांवर मोजावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत जुन्या गाड्यांच्या इग्निशन टायमिंगवर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी टाकावी यावर, नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. या विषयावर मराठीत इतक्या विस्ताराने लिहिले गेले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांच्याविषयी लेखात जे सांगितले आहे त्याबद्दल माझी काहीच हरकत नाही. लेखाच्या उत्तरार्धात मात्र जास्त ड्युरेशनचा (वाल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट, वाढवलेला कॉम्प्रेशन रेशो आणि मोठे कार्ब्युरेटर बसवलेल्या इंजिनांसाठी असा सल्ला दिला आहे, की इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता, मंद फेऱ्यांवर) ठेवून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणारा भाग, हळूहळू फिरवावा, फेरे सर्वांत जास्त होतील तिथून तो किंचित मागे आणावा आणि क्लॅम्प आवळावा. शिवाय व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूमने ठिणगी आधी आणणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून टाकावी, कारण रेसच्या गाड्यांना ती नसते, असेही म्हटले आहे. पहिला सल्ला तंतोतंत पाळला तर चांगले बांधलेले इंजिन एका मोठ्या चढावर पिस्टन गमावू शकते, आणि दुसरा पाळला तर ते विनाकारण गरम होईल व पेट्रोल जास्त पिईल. जुन्या इंजिनांवर काम करणारा माणूस म्हणून हे दोन्ही मुद्दे तसेच राहू देणे मला योग्य वाटत नाही.

ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच का टाकावी लागते, इथून सुरुवात करावी लागेल, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. सिलिंडरमधील मिश्रण एका क्षणात जळत नाही. प्लगच्या टोकाशी एक लहान ज्योत धरते, ती वाढते, आणि ज्वलनकक्षाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला तिला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात. क्रँकशाफ्टला सर्वाधिक जोर मिळण्यासाठी सिलिंडरमधील दाब टॉप डेड सेंटरनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीनंतर) क्रँकशाफ्टच्या साधारण १५ अंशांच्या आसपास शिखरावर असावा लागतो; त्याआधी शिखर आले तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब पडतो आणि फार नंतर आले तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो व उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते. आता ८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांना, क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, तर ६,००० आरपीएमला त्याच वेळात ३६ अंश. म्हणूनच फेरे वाढतात तशी ठिणगी आधी टाकावी लागते; ती जितके अंश आधी पडते त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. फेऱ्यांबरोबर सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्योत अधिक वेगाने पसरते, त्यामुळे ही वाढ अखंड चालू राहत नाही. बहुतेक जुन्या इंजिनांत ३,००० ते ३,५०० आरपीएमच्या सुमारास तिची गरज संपते आणि तिथून पुढे अ‍ॅडव्हान्स जवळपास स्थिर ठेवला तरी चालतो.

मोटारींच्या आरंभीच्या काळात हे काम चालकाच्या हाताने होत असे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंग व्हीलखाली डावीकडे ठिणगीचा आणि उजवीकडे थ्रॉटलचा दांडा असे, आणि हँडल मारण्यापूर्वी ठिणगीचा दांडा मागे घ्यायला विसरलेल्या माणसाचे मनगट उलट्या धक्क्याने मोडू शकत असे. पुढे डिस्ट्रिब्युटरमधील फिरत्या वजनांनी आणि स्प्रिंगांनी हे काम आपोआप करायला सुरुवात केली. फेरे वाढले की वजने बाहेर फेकली जातात, पॉइंटचा (प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) कॅम किंवा ट्रिगर काही अंश पुढे सरकतो, आणि वजने आपल्या मर्यादेला टेकली की ही वाढ थांबते. याला मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्स म्हणतात. डिस्ट्रिब्युटर फिरवून आपण जो आकडा बसवतो तो सुरुवातीचा अ‍ॅडव्हान्स. या दोहोंची बेरीज म्हणजे एकूण अ‍ॅडव्हान्स, आणि पूर्ण थ्रॉटलवर वरच्या फेऱ्यांत इंजिनाला जे सोसावे लागते ते या बेरजेमुळे.

लेखातील सल्ल्याची अडचण इथेच आहे. डिस्ट्रिब्युटर फिरवला की फक्त आयडलचा आकडा बदलत नाही, फेऱ्यांनुसार अ‍ॅडव्हान्सचा संपूर्ण वक्र तेवढ्याच अंशांनी वर सरकतो. समजा कारखान्याने सुरुवातीला १० अंश आणि मेकॅनिकल २६ अंश दिले आहेत; एकूण ३६. अशा इंजिनात जास्त ड्युरेशनचा कॅमशाफ्ट बसवला की इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, आयडलला जळालेला वायू परत मिश्रणात मिसळतो, इनटेक वाल्व उशिरा बंद होत असल्यामुळे कमी फेऱ्यांवरचे कॉम्प्रेशनही घटते, आणि असे पातळ, दूषित मिश्रण फार सावकाश जळते. त्यामुळे आयडलला त्या इंजिनाला १० अंश अपुरे वाटतात. डिस्ट्रिब्युटर जितका पुढे न्याल तितके फेरे वाढत जातात, आणि सर्वाधिक फेऱ्यांची जागा शोधत गेलात तर २५ अंशांच्याही पुढे जाऊन पोहोचाल. तिथून किंचित मागे येऊन क्लॅम्प आवळला, समजा २४ अंशांवर, तरी ३,५०० आरपीएमला तीच वजने आपले २६ अंश त्यात घालणारच, म्हणजे एकूण ५० अंश होणार. पूर्ण थ्रॉटलवर ५० अंश सोसणारे जुने रस्त्यावरचे इंजिन माझ्या माहितीत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी, की हे घडत असताना गॅरेजमध्ये कोणालाही काही कळत नाही. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे कितीही वाढवले तरी त्यावर भार नसतो, थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, सिलिंडर अर्धवट भरतात, आणि चुकीच्या टायमिंगलाही इंजिन गोड आवाजात वर चढते. थ्रॉटलला ते चपळ वाटते. मालक खूश होतो. डिटोनेशन सुरू होते ते नंतर, वरच्या गिअरमध्ये, चढावर, इंजिन पुरते तापलेले असताना. त्या वेळी ठिणगीने लावलेली ज्योत पुढे सरकत असते आणि तिच्यापुढे कोपऱ्यात दाबले गेलेले उरलेले मिश्रण दाब व उष्णता न सोसून एकदम स्वतःच पेटते. दाबाच्या लाटा पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूला उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर पुसून टाकतात. रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट फुटतो, बिग एंडचे बेअरिंग ठोकले जाते, आणि एखादा भाग लालबुंद झाला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा, म्हणजे प्री-इग्निशनचा, प्रकार सुरू होतो. त्यानंतर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. कमी फेऱ्यांवरचे डिटोनेशन कानाला खडे खळखळल्यासारखे ऐकू येते, पण ५,००० आरपीएमला मोकळ्या एक्झॉस्टच्या आणि कार्ब्युरेटरच्या आवाजात ते ऐकू येईल असा भरवसा कोणी धरू नये. आजच्या गाड्यांच्या इंजिनाला डिटोनेशन, म्हणजेच नॉक, ओळखणारा नॉक सेन्सर असतो आणि धोका जाणवताच कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. जुन्या इंजिनाला असा कोणताही राखणदार नाही, म्हणूनच आपण बसवलेला आकडा आपल्याला नक्की ठाऊक असला पाहिजे.

तेव्हा परफॉर्मन्स इंजिनात आधी बसवायचा आणि मोजायचा तो एकूण अ‍ॅडव्हान्स. हे काही बंडखोर मत नाही. काही कारखान्यांनी स्वतःच ते मान्य केलेले आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभीच्या २.४ लिटर पोर्शे ९११ साठी कारखान्याने आयडलला टॉप डेड सेंटरनंतर ५ अंश, आणि ६,००० आरपीएमला टॉप डेड सेंटरपूर्वी ३२ ते ३८ अंश, असे आकडे दिले होते. आयडलला ठिणगी इतकी उशिरा टाकण्याचे कारण धुराचे नियम होते. इंजिनाचा जोर आणि आयुष्य ज्यावर अवलंबून होते तो आकडा दुसरा.

एकूण अ‍ॅडव्हान्स किती असावा, याचे उत्तर इंजिनाच्या आकारात दडलेले असते, आणि या एका मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावण्याची सवय फार नुकसान करते. ज्योतीला जितके लांब जावे लागेल तितकी ठिणगी आधी हवी. म्हणून रुंद बोअर (सिलिंडरचा व्यास), एका बाजूला बसवलेला प्लग किंवा ज्योतीच्या वाटेत उंचवट्यासारखा उभा राहणारा फुगीर पिस्टन असेल तर जास्त अंश लागतात. अर्धगोलाकार ज्वलनकक्षात मोठे वाल्व बसतात आणि हवा उत्तम वाहते, पण त्यात कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी फुगीर पिस्टन घातला की ज्योतीला त्याला वळसा घालून जावे लागते. याउलट १९६७ साली शर्यतीत उतरलेल्या कॉसवर्थ डीएफव्हीसारख्या इंजिनात चार वाल्वांमधला कोन अरुंद आहे, प्लग मधोमध आहे आणि ज्वलनकक्ष आटोपशीर आहे. तिथे ज्वलन लवकर आटोपते आणि कमी अंश पुरतात. १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाला जुन्या पद्धतीच्या हेडसह ३४ ते ३८ अंशांच्या आसपास एकूण अ‍ॅडव्हान्स मानवतो, हे जगभर मान्य झालेले आहे. चार वाल्वांच्या आटोपशीर ज्वलनकक्षाला ३० किंवा त्याहूनही कमी पुरतात. एका सिलिंडरला दोन प्लग बसवले तर ज्योत दोन बाजूंनी निघते, म्हणून तिथेही आकडा खाली आणावा लागतो. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की मिश्रण अधिक दाट होते आणि लवकर जळते, त्यामुळे इंजिन अधिक तयार केले म्हणजे अ‍ॅडव्हान्सही अधिक हवा, ही समजूत उलटी आहे. चांगले बांधलेले इंजिन बहुधा कमी अंशांत जास्त जोर देते, आणि ज्याला फार अंश लागतात त्याच्या ज्वलनकक्षात काहीतरी अपुरे आहे असे मी तरी मानतो.

प्रत्यक्ष काम करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की इंजिनावरची शून्याची खूण खरी आहे का? क्रँकशाफ्टच्या पुढच्या डॅम्परची (कंपने शमवणाऱ्या चाकाची) बाहेरची कडी रबरावर चिकटवलेली असते, आणि कित्येक वर्षांनी ते रबर सैल पडून कडी, तिच्यावरच्या खुणेसकट, काही अंश सरकलेली असू शकते. अशा खुणेवर विश्वास ठेवून केलेले मोजमाप कितीही काळजीपूर्वक केले तरी निरर्थक असते. पडताळणी सोपी आहे. सगळे प्लग काढावेत, बॅटरी सोडवावी, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा खुंटा) बसवावा, आणि क्रँकशाफ्ट हाताने, अगदी सावकाश, पिस्टन टेकेपर्यंत एका दिशेने फिरवून पुलीवर खूण करावी. मग दुसऱ्या दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर असतो. या कामासाठी स्टार्टर कधीही वापरू नये. एकदा शून्य पक्के झाले की डॅम्परच्या व्यासाला जुळणारी अंशांची पट्टी चिकटवावी किंवा ३० व ३६ अंशांच्या खुणा मोजून कोराव्यात, कारण कारखान्याच्या खुणा बहुधा आयडलच्या आकड्यापुरत्याच असतात आणि वरच्या फेऱ्यांवरचा आकडा त्यावर दिसतच नाही.

पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे अंतर आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम बदलता येत नाही. अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) एक अंशाने वाढला की टायमिंग क्रँकशाफ्टवर साधारण एक अंशाने मागे जाते. पॉइंटचा फायबरचा टेकू झिजत जातो तसे अंतर कमी होते, म्हणजे बसवलेले टायमिंग स्वतःहून मागे सरकत राहते. दर वेळी पॉइंट पाहिल्यावर टायमिंग पाहावेच लागते ते यासाठी. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये हलत असेल किंवा टायमिंग चेन सैल असेल तर ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटच्या, म्हणजे स्ट्रोबच्या, प्रकाशात खूण एका जागी न राहता पुढेमागे नाचते. अशा इंजिनावर कितीही काटेकोर आकडा बसवला तरी काही ठिणग्या त्याच्या पुढे आणि काही मागे पडणार. तिथे आधी दुरुस्ती करावी, टायमिंग मागाहून पाहावे.

यानंतर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे कार्ब्युरेटरकडचे टोक बंद करावे, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, आणि टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरला लावून फेरे हळूहळू वाढवावेत. खूण पुढे सरकत जाते आणि एका ठिकाणी थांबते. तिथे वजने आपल्या मर्यादेला टेकलेली असतात. ती खूण हव्या त्या एकूण अंशांवर येईल असा डिस्ट्रिब्युटर फिरवावा, क्लॅम्प आवळावा, आणि आवळल्यानंतर पुन्हा पाहावे, कारण आवळताना एक-दोन अंश हमखास सरकतात. त्यानंतर फेरे खाली आणत दर ५०० आरपीएमला आकडा लिहून घ्यावा. हा कागद म्हणजे त्या इंजिनाचा खरा वक्र. अंश फिरवून घेता येणारा टायमिंग लाइट सोयीचा असतो, पण एकाच वेळी अनेक ठिणग्या देणाऱ्या इग्निशन बॉक्सबरोबर असे काही लाइट चुकीचा आकडा दाखवतात. तिथे साधा लाइट आणि डॅम्परवर कोरलेली खूण हेच विश्वासार्ह. आणखी एक सूचना जिवाच्या सुरक्षिततेची आहे: स्ट्रोबच्या उजेडात फिरता पंखाही स्थिर उभा असल्यासारखा भासू शकतो, म्हणून सैल कपडे, हातमोजे आणि मोकळे केस घेऊन इंजिनाच्या पुढच्या बाजूला वाकू नये.

असे एकूण अंश बसवल्यावर आयडलचा आकडा काय उरतो ते पाहावे. कारखान्याचा वक्र तसाच असेल तर तो १० च्या आसपास उरेल आणि मोठ्या कॅमशाफ्टचे इंजिन त्यावर अडखळेल, प्लग काळे पडतील, थ्रॉटल उघडताच ते दचकेल. या वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवण्याचा मोह होतो. योग्य उपाय मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्सची मर्यादा कमी करणे हा आहे. आयडलला १८ अंश हवे आणि एकूण ३६ हवे, तर वजनांनी २६ ऐवजी १८ अंशच द्यावेत अशी सोय डिस्ट्रिब्युटरच्या आत करावी लागते. वजनांच्या हालचालीची खाच लहान करून, मोठे बुश बसवून किंवा योग्य तो भाग बदलून हे करता येते. इथे एक हिशेब नेहमी चुकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकशाफ्टवरचे १८ अंश म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ९. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये आत कोरलेला आकडा डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत असतो, आणि अनेक जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वक्राचे आकडे आणि फेरे दोन्ही डिस्ट्रिब्युटरचेच दिलेले असतात. २,००० फेऱ्यांना १० अंश असे लिहिलेले असेल तर ते इंजिनाचे ४,००० फेरे आणि २० अंश होत.

स्प्रिंगांबद्दलही सावध राहावे. हलक्या स्प्रिंगांनी अ‍ॅडव्हान्स लवकर येतो आणि मधल्या फेऱ्यांत गाडी खुलते, पण त्या इतक्या हलक्या नसाव्यात की आयडललाच वजने उघडू लागतील. तसे झाले तर क्लच सोडताना फेरे जरा उतरले की टायमिंगही उतरते आणि इंजिन बंद पडते, आणि सुरुवातीचा आकडा म्हणून आपण जो वाचतो त्यात वजनांचे काही अंश मिसळलेले असतात. जड गाडी, उंच गिअरिंग आणि जास्त कॉम्प्रेशन असेल तर अ‍ॅडव्हान्स थोडा उशिरा आलेला बरा, कारण डिटोनेशनला सर्वांत पोषक जागा ही कमी फेरे आणि पूर्ण थ्रॉटल अशी असते.

आता व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स. रेसच्या गाडीला तो नसतो हे खरे आहे, कारण ती गाडी बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवर असते आणि तिथे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच नसतो. रस्त्यावरची गाडी मात्र बहुतेक वेळ थोड्याशा उघड्या थ्रॉटलवर, एका संथ वेगाने चालते. तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी असते, पातळ असते आणि सावकाश जळते. त्याला ४५ ते ५० अंशही लागू शकतात, आणि दाब कमी असल्यामुळे ते धोक्याचे नसते. व्हॅक्यूमचा डायफ्राम हेच जादा अंश देतो, आणि चालकाने पाय दाबला की व्हॅक्यूम कोसळतो व ते अंश त्याच क्षणी निघून जातात. तो काढून टाकला तर संथ वेगावर ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळते, एक्झॉस्ट वाल्व व मॅनिफोल्ड तापतात, पेट्रोल जास्त जाते, आणि बदल्यात पूर्ण थ्रॉटलवर काहीही मिळत नाही. मोठ्या कॅमशाफ्टमुळे आयडलचा व्हॅक्यूम कमी झाला असेल आणि नळी थेट मॅनिफोल्डला जोडायची असेल तर त्या व्हॅक्यूमपेक्षा निदान २ इंच पारा (व्हॅक्यूमचे माप) कमी असतानाच पूर्ण ओढला जाणारा डायफ्राम निवडावा, नाहीतर आयडल खालीवर होत राहते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या कार्ब्युरेटरांमध्ये व्हॅक्यूमचा संकेत धक्क्याधक्क्याने येतो आणि तिथे तो वगळला जाणे मी समजू शकतो. इतरांनी तो काढण्याचे कारण मला दिसत नाही.

जुन्या मॅन्युअलमधला आकडा आज जसाच्या तसा का घेऊ नये, याचे सर्वांत मोठे कारण पेट्रोल आहे. टेट्राएथिल लेडचा नॉकविरोधी गुण १९२१ साली थॉमस मिजली यांना जनरल मोटर्सच्या संशोधनात सापडला आणि पुढची कित्येक दशके कारखान्यांनी उच्च कॉम्प्रेशनची इंजिने त्याच्या भरवशावर बांधली. त्याच जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलांपासून कॉम्प्रेशन रेशो उतरवले, आणि २०२१ साली मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल जगातून पूर्ण गेले. शिसे विषारी होते आणि ते गेले हे उत्तमच झाले. पण १९६०च्या दशकातल्या इंजिनाचा आकडा त्या काळच्या पेट्रोलवर ठरवलेला होता. ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोलच्या नॉकविरोधी क्षमतेची, तुलना करतानाही पंपावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावे: उत्तर अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन ऑक्टेनची सरासरी लिहितात, इतर अनेक ठिकाणी फक्त रिसर्च ऑक्टेन, त्यामुळे तिथला ९१ आणि इतरत्रचा ९१ एक नव्हेत, तिथला ९१ हा इतरत्रच्या ९५-९६ च्या जवळ जातो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते. त्याने नॉकला विरोध वाढतो, पण त्याला जळायला तुलनेने कमी हवा लागते, म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटवर (पेट्रोल मापून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडते. म्हणजे जेटिंग तपासल्याशिवाय टायमिंगचा शेवटचा आकडा ठरवण्यात अर्थ नाही.

तो शेवटचा आकडा ठरवण्याची उत्तम जागा डायनामोमीटर (इंजिनाचा जोर मोजणारे यंत्र) आहे. इंजिनाला मानवणाऱ्या आकड्याच्या चार अंश खालून सुरुवात करावी, दोन-दोन अंशांनी वर जावे, आणि टॉर्क वाढायचा थांबला की थांबावे. टॉर्कचा माथा इथे बराच सपाट असतो. शिखराच्या दोन अंश मागे राहिल्याने जोर जाणवण्याइतका कमी होत नाही, पण उन्हाळ्यातला एखादा तापलेला चढ किंवा पंपावरचे एखादे हलके पेट्रोल सोसण्याइतकी सवड मिळते. ती सवड मी प्रत्येक वेळी ठेवतो. डायनामोमीटर उपलब्ध नसेल तर कमी आकड्यावरच राहावे आणि भाराखाली चालवल्यानंतर प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते डिटोनेशनचे चिन्ह समजावे. चकचकीत ठिपके हे पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम असते, आणि टायमिंग लगेच मागे घ्यावे. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली टायमिंग फार मागे ठेवणेही बरोबर नाही. त्यानेही इंजिन तापते, एक्झॉस्ट वाल्व जळतात आणि गाडी ओढ घेत नाही. अशा इंजिनाचा रेडिएटर बदलून उपयोग होत नाही.

आपल्या पुरवणीचा वाचक हा मॅन्युअल उघडणारा, स्वतः हात काळे करणारा वाचक आहे, आणि छापील सल्ल्यावर तो विश्वास ठेवतो. म्हणून माझी विनंती आहे, की पुढील अंकात लेखातील आयडलवरून टायमिंग बसवण्याचा आणि व्हॅक्यूम नळी काढण्याचा हे दोन परिच्छेद परफॉर्मन्स इंजिनांपुरते मागे घेतल्याचे स्पष्टपणे छापावे, आणि शक्य झाल्यास सुरुवातीचा, मेकॅनिकल व व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स वेगवेगळे दाखवणारा एक आलेख द्यावा. ज्यांनी लेख वाचून डिस्ट्रिब्युटर आधीच फिरवला असेल त्यांनी एकूण अ‍ॅडव्हान्स लाइटने मोजेपर्यंत गाडी पूर्ण थ्रॉटलवर नेऊ नये, एवढी सूचना तरी त्याआधी ठळक अक्षरांत यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक